मोहऱ्यांची मांडणी: सांगलीच्या बुद्धिबळ वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मुलांना आणि हौशी प्रौढांना बुद्धिबळ शिकवताना एक गोष्ट सतत दिसते. डाव हरल्यावर बहुतेकजण 'अमुक चाल चुकली' असे सांगतात, परंतु पट पुन्हा मांडून पाहिला की ती चाल चुकण्याच्या आठदहा चाली आधीपासूनच त्यांचा एखादा हत्ती कोपऱ्यात आणि एखादा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलेला असतो. मोहरे निकामी जागी उभे असतील तर चांगली चाल उपलब्धच नसते, मग ती सुचणार कशी? मिरज, तासगाव, इस्लामपूर, विटा येथून येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक याविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. घरांची नावे नेहमीच्या पद्धतीनेच लिहिली आहेत: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, म्हणजे पांढऱ्याच्या डाव्या हाताचे कोपऱ्यातील घर ए१ आणि काळ्याच्या बाजूचे त्याच्या तिरकस समोरील घर एच८.

मोहरा 'चांगल्या जागी' आहे, असे नेमके केव्हा म्हणावे?

सुरुवात मोजण्यापासून करावी. रिकाम्या पटावर घोडा कोपऱ्यात ठेवला तर त्याला फक्त २ घरे मिळतात, कडेच्या मध्यावर ठेवला तर ४ आणि मध्यभागी ठेवला तर ८. उंटाला कडेवरून ७ घरे मिळतात, तर पटाच्या मधल्या चार घरांपैकी कोणत्याही घरावरून १३. वजिराची संख्या २१ पासून २७ पर्यंत वाढते. हत्ती मात्र कोठेही ठेवला तरी त्याला १४ घरेच मिळतात, आणि या एका अपवादातूनच हत्तीविषयीचे निम्मे शहाणपण निघते. त्याचा विचार पुढे केला आहे.

तथापि केवळ मोजणी पुरत नाही. मोहऱ्याला दहा घरे उपलब्ध आहेत, पण त्यांतील एकाही घरावरून विरोधकाला काहीच धोका नसेल, तर ती दहा घरे कागदावरचीच राहतात. म्हणून वर्गात मी प्रत्येक मोहऱ्याविषयी तीन गोष्टी विचारायला लावतो: तो कशावर नजर ठेवून आहे, त्याला तेथून कोण हुसकावू शकतो, आणि गरज पडल्यास तो दुसऱ्या बाजूला किती चालींत पोहोचेल. यांपैकी दुसरा प्रश्न विद्यार्थी सर्वांत जास्त विसरतात. जी जागा पुढच्याच चालीला एखादे प्यादे पुढे आले की सोडावी लागते, ती जागा आपली नव्हतीच.

घोड्यासाठी उत्तम घर कसे शोधावे?

घोडा अडीच घरे चालतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्या अडीच घरांचा दुसरा अर्थ असा की घोडा दुरून काही करू शकत नाही, त्याला लढाईच्या जवळ जाऊनच उभे राहावे लागते. जवळ उभे राहायचे तर तेथे टिकता आले पाहिजे. म्हणून घोड्याचे आदर्श घर म्हणजे विरोधकाच्या प्रदेशातील असे घर, जेथे आपल्या प्याद्याचा त्याला आधार आहे आणि ज्यावर विरोधकाचे कोणतेही प्यादे आता कधीच हल्ला करू शकत नाही. असे घर मिळाले की घोड्याचे मोल जवळजवळ हत्तीइतके होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

सिसिलियन बचावातील, म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला काळा सी५ ने उत्तर देतो त्या सुरुवातीतील, एक नेहमीची रचना पाहू. काळ्याचे सी-प्यादे (सी पट्टीवरचे प्यादे) मारामारीत गेले आहे, ई-प्यादे ई५ वर पोहोचले आहे आणि डी-प्यादे डी६ वर थांबले आहे. आता डी५ या घरावर काळ्याचे कोणतेही प्यादे हल्ला करू शकत नाही, आणि पांढऱ्याचे ई४ वरील प्यादे त्या घराला आधार देते. पांढऱ्याने येथे पुढील सर्व विचार डी५ भोवती गुंफावा. त्या घरावर लक्ष ठेवणारा काळ्याचा एफ६ वरील घोडा आपला उंट जी५ वर नेऊन मारता येतो, त्यानंतर सी३ वरचा घोडा डी५ वर जाऊन बसतो आणि काळ्याला उरलेला डाव त्याच्याभोवती वळसे घेत खेळावा लागतो.

घोड्याला इच्छित घरी नेण्याचा मार्ग आधी मनात आखावा. एफ३ वरील घोड्याला डी५ गाठायचे असेल, तर ते घर तिरक्या रेषेत फक्त दोन पावलांवर दिसते, परंतु चारपेक्षा कमी चालींत तेथे पोहोचणे शक्य नाही: डी२, सी४, ई३ आणि मग डी५. प्याद्यांनी मध्यभाग बंद केलेला असेल तर या चार चाली खुशाल खर्च कराव्यात. मध्यभाग मोकळा असेल तर तितक्या वेळात विरोधक आपल्या राजापर्यंत येऊन पोहोचतो. स्पॅनिश ओपनिंगमध्ये पांढरा बी१ चा घोडा डी२, एफ१ या वाटेने जी३ किंवा ई३ वर नेतो, आणि एकाच घोड्यावर इतक्या चाली खर्चणे तेथे परवडते, याचे कारण बंदिस्त मध्यभाग हेच आहे.

या विषयावरचा माझ्या मते सर्वांत बोलका डाव म्हणजे मॉस्को येथील १९८५ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सोळावा डाव. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हने सोळाव्या चालीला आपला घोडा थेट डी३ वर आणून बसवला. तेथून तो सी१ आणि ई१ ही दोन्ही घरे अडवत होता, त्यामुळे कार्पोव्हच्या हत्तींना उभ्या पट्ट्या घेता येईनात. त्याच वेळी कार्पोव्हचा एक घोडा बी१ वर परतलेला आणि दुसरा ए४ वर कडेला गेलेला होता. मोहरे दोघांकडे सारखेच होते, तरीही पांढऱ्याच्या सैन्याला हातपाय हलवायला जागा नव्हती. कास्पारोव्हने चाळीस चालींत तो डाव जिंकला. हा डाव विद्यार्थ्यांनी संगणकावर न पाहता पटावर हाताने मांडून पाहावा, असा माझा आग्रह असतो, कारण डी३ वरच्या घोड्यामुळे येणारी घुसमट हाताने मोहरे हलवतानाच कळते.

घोडा पटाच्या कडेला कधीच नेऊ नये, हे खरे आहे का?

नाही. जी१ चा घोडा एच३ वर नेला तर त्याला ४ घरे मिळतात आणि एफ३ वर नेला तर ८, म्हणून विनाकारण कडेला जाऊ नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ आहे. स्पॅनिशमध्येच काळा आपला घोडा ए५ वर नेऊन बी३ च्या उंटाला हुसकावतो आणि सी-प्याद्याची वाट मोकळी करतो. तेथे कडेचे घर हे कामाच्या वाटेवरचे ठिकाण आहे, मुक्काम नव्हे, आणि काम संपूनही घोडा तेथेच राहिला तर काळ्याला त्याचा त्रासच होतो.

माझा उंट नेहमी कोंडला जातो. माझे काय चुकते?

बहुतेक वेळा उंटाचे काहीच चुकलेले नसते, प्याद्यांचे चुकलेले असते. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर चालतो. आपली मधली प्यादी त्याच रंगाच्या घरांवर रोवून ठेवली, तर आपणच त्याच्या वाटेत भिंत बांधतो. फ्रेंच बचावात, म्हणजे काळा ई४ ला ई६ ने उत्तर देतो त्या सुरुवातीत, काळ्याची प्यादी ई६ आणि डी५ या पांढऱ्या घरांवर जातात आणि सी८ चा उंट त्यांच्यामागे कोंडतो. फ्रेंच खेळणाऱ्याला हे आधीपासून माहीत असावे लागते, आणि त्यावरचा उपायही हाती असावा लागतो. एक उपाय म्हणजे बी६ खेळून उंट ए६ वर आणणे व पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी त्याची अदलाबदल करणे. दुसरा म्हणजे एफ-प्यादे पुढे गेल्यावर डी७, ई८ या वाटेने उंट जी६ किंवा एच५ वर काढणे. नवशिक्यांसाठी याहून सोपी शिकवण अशी की, पांढऱ्याने डी४ खेळले असेल तर ई३ खेळून दार लावण्यापूर्वी सी१ चा उंट एफ४ वर काढता येईल का, हे एकदा पाहावे.

कोंडलेला उंट किती महाग पडतो, हे १९१९ साली हेस्टिंग्ज येथे झालेल्या विंटर आणि कापाब्लांका यांच्या डावात दिसते. कापाब्लांकाने आपली प्यादी ई५, एफ६ आणि जी५ वर उभी करून विंटरचा जी३ वरील उंट कायमचा बंद केला. त्यानंतर त्याने राजाच्या बाजूकडे ढुंकूनही पाहिले नाही. पटाच्या दुसऱ्या बाजूला त्याने लढाई सुरू केली, जेथे व्यवहारात तो एक मोहरा जास्त घेऊन खेळत होता. मोहऱ्यांची गुणसंख्या मोजणाऱ्याला त्या स्थितीत दोघे बरोबरीचे दिसले असते.

एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. आपल्याच रंगाच्या प्याद्यांमध्ये सापडलेला प्रत्येक उंट वाईट नसतो. तो प्याद्यांच्या साखळीबाहेर पडून पुढे उभा असेल तर तो उत्तम काम करतो, आणि साखळीच्या आत असूनही महत्त्वाचे प्यादे राखत असेल तर त्याला लगेच बदनाम करू नये.

हत्ती केव्हा आणि कोठे हलवावेत?

हत्तीला कोपऱ्यातूनही १४ घरे मिळतात, म्हणून हत्तीला मध्यभागी नेण्याची घाई नसते. त्याला हवी असते मोकळी पट्टी. जी उभी पट्टी दोन्ही बाजूंच्या प्याद्यांपासून मोकळी झाली आहे किंवा लवकरच होणार आहे, तेथे हत्ती आधी पोहोचणे महत्त्वाचे आहे. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणे) झाल्यावर दोन्ही हत्तींच्या मधील मोहरे हलवून त्यांना एकमेकांचा आधार मिळेल असे करावे आणि मगच कोणता हत्ती कोठे न्यायचा हे ठरवावे. वर्गात सर्वाधिक चुका येथे होतात. विद्यार्थी एफ१ चा हत्ती सहज सापडतो म्हणून तोच ई१ वर, नंतर डी१ वर, पुन्हा ई१ वर असा फिरवत राहतात आणि ए१ चा हत्ती डाव संपेपर्यंत जागचा हलत नाही.

मोकळ्या पट्टीवरून पुढे काय, तर सातवी आडवी ओळ. तेथे पोहोचलेला हत्ती विरोधकाची मूळ जागी उरलेली प्यादी बाजूने टिपतो आणि राजाला शेवटच्या ओळीत अडकवून ठेवतो. पट्टीवर एकामागे एक मोहरे लावायचे झाल्यास हत्ती पुढे आणि वजीर मागे, हा क्रम सहसा योग्य ठरतो, कारण पुढच्या मोहऱ्याला मारामारीत जावे लागते. आलेखिनने १९३० साली सान रेमो येथे निम्झोविचविरुद्ध सी-पट्टीवर दोन हत्ती पुढे ठेवून सव्विसाव्या चालीला वजीर सी१ वर त्यांच्यामागे उभा केला. निम्झोविचचे सगळे मोहरे त्या एका पट्टीच्या राखणीत गुंतून पडले आणि तिसाव्या चालीपर्यंत त्याच्याकडे खेळण्याजोगी चालच उरली नाही.

अंत्यडावात, ज्याच्या वाटेत विरोधी प्यादे उरलेले नाही अशा मुक्त प्याद्याच्या मागे हत्ती ठेवावा, मग ते प्यादे आपले असो वा विरोधकाचे. आपले असेल तर प्यादे जसजसे पुढे जाते तसतशी हत्तीची जागा वाढत जाते, आणि समोर उभ्या असलेल्या विरोधी हत्तीची घटत जाते. हे सूत्र जर्मन खेळाडू टाराश यांच्या नावाने ओळखले जाते.

मुलगा वजीर लगेच बाहेर काढतो आणि पुष्कळदा जिंकतोही. त्याला थांबवावे का?

थांबवावे, परंतु रागावून नव्हे, पटावर दाखवून. तो ई४ आणि ई५ नंतर वजीर एच५ वर नेतो, समोरचा खेळाडू घोडा सी६ वर आणून ई५ राखतो. मग मुलगा उंट सी४ वर आणून मात करण्याची धमकी देतो, समोरचा जी६ खेळतो, वजीर एफ३ वर परतून पुन्हा तीच धमकी देतो, समोरचा घोडा एफ६ वर आणतो. आता मोजावे: काळ्याचे दोन्ही घोडे उत्तम घरी आले आहेत, आणि पांढऱ्याचा वजीर दोनदा हलून नेमक्या त्याच घरावर बसला आहे जे त्याच्या स्वतःच्या घोड्याला हवे होते. शाळेच्या पहिल्या फेरीत ही युक्ती चालते, चौथ्या फेरीपासून चालत नाही. वजीर मौल्यवान असल्यामुळे त्याच्यावर कोणीही लहान मोहरा हल्ला केला की त्यालाच पळावे लागते, म्हणून लहान मोहऱ्यांच्या जागा ठरेपर्यंत त्याने मागे थांबावे.

राजालाही 'चांगली जागा' असते का?

असते, आणि ती डावाच्या टप्प्याप्रमाणे बदलते. वजीर पटावर आहेत तोपर्यंत किल्लेकोट करून राजा प्याद्यांच्या आड ठेवावा आणि त्याच्यापुढील प्यादी कारणाशिवाय हलवू नयेत. वजीर गेले की तोच राजा मध्यभागी आणावा, कारण अंत्यडावात तो लढणारा मोहरा असतो. टिलबर्ग येथे १९९१ साली शॉर्टने टिमानविरुद्ध दोन्ही वजीर पटावर असतानाच राजा एच२, जी३, एफ४, जी५ असा चालत नेला आणि टिमानने डाव सोडला. टिमानचे मोहरे पूर्णपणे जखडलेले होते म्हणूनच ते शक्य झाले. तो डाव डोळे भरून पाहावा, मात्र अनुकरणासाठी निवडू नये.

मी मोहरे वारंवार हलवतो, तरीही स्थिती सुधारत नाही. असे का होते?

कारण मोहऱ्यांच्या जागा प्यादी ठरवतात. फ्रेंच खेळाडू फिलिडोरने १७४९ सालीच प्यादी हा या खेळाचा प्राण असल्याचे लिहून ठेवले. मोहरा चुकीच्या घरी गेला तर परत येऊ शकतो, प्यादे मागे येत नाही, आणि पुढे गेलेल्या प्रत्येक प्याद्यामागे दोन्ही बाजूंची घरे कायमची उघडी पडतात. म्हणून आधी प्याद्यांचा आराखडा पाहावा: कोणती घरे उघडी पडली आहेत, कोणती पट्टी मोकळी होणार आहे, कोणता रंग अडलेला आहे. त्यानंतर मोहऱ्यांची घरे जवळजवळ आपोआप सुचतात. हा क्रम उलटा केला की मोहरे फिरत राहतात आणि डाव जागीच राहतो.

कोणतीच चाल सुचत नसेल तेव्हा काय करावे?

आपला सर्वांत निरुपयोगी मोहरा शोधावा आणि त्याची जागा सुधारावी. बाकूचे प्रशिक्षक माकोगोनोव यांच्या नावाशी हे सूत्र जोडले जाते, आणि एकच सल्ला देण्याची मुभा असेल तर मी हाच देईन. धमक्या, शह आणि मारामारी आधी तपासून घ्यावी, तसे काही निकडीचे नसेल तर डोळे प्रत्येक मोहऱ्यावरून एकदा फिरवावेत. आपल्या मनाची ओढ मात्र उलट असते, आधीच उत्तम जागी असलेल्या घोड्याला आणखी पुढे न्यावेसे वाटते, आणि बसून राहिलेला उंट तसाच विसरला जातो.

वर्गात यासाठी आम्ही एक सोपा सराव करतो. मध्यडावातील एखादी शांत स्थिती मांडायची, घड्याळ बंद ठेवायचे आणि चाल न विचारता फक्त इतकेच विचारायचे की या पटावरून तुमचा एक मोहरा जादूने उचलून कोणत्याही रिकाम्या घरावर ठेवता आला असता तर कोणता मोहरा कोठे ठेवला असता. उत्तर मिळाल्यावर त्या घरापर्यंतची वाट शोधायची. आठ वर्षांच्या मुलीही याची अचूक उत्तरे देतात, कारण चाल शोधण्याचा ताण उतरला की पट स्वच्छ दिसू लागतो.

विरोधकाच्या मोहऱ्यांचा विचार किती करावा?

आपल्या मोहऱ्यांइतकाच. अदलाबदल करताना गुण समान आहेत एवढेच पाहू नये. विरोधकाचा कोंडलेला उंट आपल्या घोड्याने मारणे म्हणजे त्याची अडचण आपण दूर करणे होय. याउलट त्याचा एखादा घोडा आपल्या प्रदेशात येऊन बसला असेल, तर त्याला घालवण्यासाठी आपला आवडता उंटही द्यावा.

आजोबा देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. त्यांचे नियम आजच्या खेळात उपयोगी पडतात का?

देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई आणि आजचा किल्लेकोट नव्हता. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडत असे आणि मोहरे मांडायला भरपूर अवधी मिळे. आज तितका अवधी मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या चाली नव्याने शिकाव्या लागतात. परंतु मोहरे जागेवर आल्याशिवाय हल्ला करायचा नाही ही त्या पिढीची सवय आजही अनमोल आहे. देशी पद्धतीवर वाढलेल्या सुलतान खानला ओपनिंगचे ज्ञान तोकडे पडे, तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली तो ब्रिटिश विजेता झाला, आणि त्यात त्याच्या मध्यडाव व अंत्यडावातील समजुतीचा वाटा मोठा होता. आजोबा घरी असतील तर त्यांच्यासमोर पट मांडावा.

मोबाईलवर झटपट डाव खेळून ही समज वाढते का?

डावपेचांची नजर काही प्रमाणात वाढते. मांडणीची समज मात्र वाढत नाही, कारण तीन मिनिटांच्या डावात निरुपयोगी मोहरा शोधायला वेळच मिळत नाही.

सांगलीत याचा सराव कोठे आणि कसा करावा?

सांगलीला या बाबतीत मोठा वारसा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून येथे पिढ्यान् पिढ्या खेळाडू घडवले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे यांची नावे याच शहराशी जोडलेली आहेत. मोठ्या वेळेच्या स्पर्धेत समोरासमोर बसून खेळण्याची संधी येथे मिळते, आणि ती सोडू नये.

स्पर्धेत चाली लिहून काढलेला कागद घरी आल्यावर टाकून देऊ नये. त्याच संध्याकाळी इंजिन (चाली तपासणारी संगणक प्रणाली) सुरू न करता डाव पटावर मांडावा, पंधराव्या चालीला थांबावे आणि आपल्या प्रत्येक मोहऱ्यासमोर तो काय करत होता हे एका वाक्यात लिहावे. ज्या मोहऱ्यासमोर लिहायला काही सापडत नाही, त्याच्यापासून दुसऱ्या दिवशीचा अभ्यास सुरू करावा.